मात्सुमोटो : काळ्या किल्ल्याच्या गावी बेताच्या खर्चात मुक्काम

जपानचा प्रवास खिशाला परवडणारा नाही, अशी एक पक्की समजूत आपल्याकडे रुजलेली आहे. विमानाचे तिकीट आणि टोकियोतील हॉटेलांचे दर पाहिले की ती खरीही वाटू लागते. मात्र राजधानी आणि क्योटो या दोन ठरलेल्या टोकांच्या मधल्या एखाद्या लहान शहरात दोन रात्री काढायचे ठरवले, तर हिशेब बराच बदलतो. अशा मुक्कामासाठी नागानो प्रांतातील मात्सुमोटो हे शहर अनेक दृष्टींनी सोयीचे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवरचे, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले आणि मधोमध चारशे वर्षांहून जुना काळा लाकडी किल्ला जपणारे हे गाव अनेक प्रवासी टोकियोहून सकाळी निघून सायंकाळी परत येण्याच्या बेताने पाहतात. जाण्यायेण्यात पाच-सहा तास जातात आणि वाट्याला किल्ल्याचा जेमतेम एक फेरफटका येतो. रेल्वेचे भाडे तेवढेच पडते. वाचते ते फक्त एका रात्रीचे भाडे, आणि तेही टोकियोत भरावेच लागते.

आपल्याकडे किल्ला म्हटले की डोळ्यांसमोर सह्याद्रीचे कडे उभे राहतात. मात्सुमोटोचा किल्ला मात्र भुईकोट आहे. सपाट जमिनीवर खंदक खणून, त्यांच्या आत दगडी जोत्यावर लाकडी मनोरा उभारलेला. या मनोऱ्याला जपानीत ‘तेन्शु’ म्हणतात. किल्ल्याभोवती ठरवून वसवलेल्या गावाला ‘जोकामाची’ असा शब्द आहे. खंदकाच्या लगत सामुराईंची घरे, त्यापलीकडे व्यापारी आणि कारागिरांच्या पेठा, कडेला देवळे अशी त्याची रचना असे. आपल्याकडील कसबा आणि पेठांची मांडणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. मात्सुमोटोत होनमाची, नाकामाची आणि हिगाशीमाची या तीन मुख्य पेठा होत्या. त्यांची नावे आजही रस्त्यांना आहेत, आणि मुक्कामाची जागा निवडताना तीच कामी येतात.

जपानमध्ये किल्ले पुष्कळ दिसतात, पण त्यांपैकी बहुतेकांचे मनोरे विसाव्या शतकात सिमेंट काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेले आहेत. १८७३ मध्ये मेईजी सरकारने बहुसंख्य किल्ले निकालात काढण्याचा आदेश दिला. त्यातून जे वाचले, त्यांपैकी नागोया, ओकायामा, हिरोशिमा यांसारखे किल्ले १९४५ च्या हल्ल्यांत नष्ट झाले. मूळ लाकडी मनोरे आज अवघे बारा उरले आहेत आणि त्यांतल्या पाचांना ‘राष्ट्रीय ठेवा’ हा सर्वोच्च दर्जा आहे. हिमेजी, मात्सुमोटो, हिकोने, इनुयामा आणि मात्सुए हे ते पाच. मात्सुएला हा दर्जा २०१५ मध्ये मिळाला. हिमेजी सर्वांत मोठा आणि युनेस्कोच्या यादीतला. पण ते शहर ओसाकापासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर असल्याने तिथे रात्र काढण्याची फारशी गरज पडत नाही. मात्सुमोटोचे तसे नाही. तिथे मुक्काम केला तरच गाव हाती लागते.

हा मनोरा टिकला तो योगायोगाने नव्हे. १८७२ मध्ये तो लिलावात विकला गेला होता आणि पाडला जाण्याच्या बेतात होता. इचिकावा र्योझो या स्थानिक गृहस्थाने किल्ल्यातच प्रदर्शने भरवून पैसा उभा केला आणि मनोरा सोडवून घेतला. पुढे देखभालीअभावी तो एका बाजूला कलू लागला. १६८६ मध्ये करवाढीविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांचा पुढारी तादा कासुके याला देहदंड देण्यात आला होता. त्याच्याच शापाने किल्ला झुकला, असे लोक म्हणत. खरे कारण जोत्याखालचे कुजलेले लाकडी खांब हे होते. मात्सुमोटोच्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी उनारी यांनी वर्गणी जमवून १९०३ ते १९१३ या काळात दुरुस्ती करवून घेतली. त्यानंतर १९५० ते १९५५ दरम्यान सरकारी खर्चाने मनोरा सुटा करून पुन्हा जोडण्यात आला. शहराने स्वतःच्या हिमतीने राखलेली ही वास्तू आहे, हे लक्षात ठेवले तर प्रवेशशुल्काचा आकडा फारसा टोचत नाही.

मुक्काम कोणत्या दिवशी

खोलीचा दर ठरतो तो हॉटेलच्या दर्जापेक्षाही वारावर. जपानमध्ये शनिवारची रात्र सर्वांत महाग. रविवार ते गुरुवार हे दिवस स्वस्त. एकच खोली मंगळवारी एका दराने आणि शनिवारी त्याच्या दीडपट दराने विकली जाणे ही तिथे नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे प्रवासाच्या एकूण आखणीत मोठी शहरे शनिवार-रविवारी आणि मात्सुमोटो आठवड्याच्या मध्ये, असा क्रम लावला तर काही न गमावता पैसे वाचतात.

काही काळ मात्र टाळावाच. एप्रिलच्या अखेरीपासून ५ मेपर्यंतचा ‘गोल्डन वीक’, ऑगस्टच्या मध्यातील ‘ओबोन’चा आठवडा आणि नववर्षाचे दिवस या तीन वेळी सारा जपान घराबाहेर पडतो. मात्सुमोटोपुरती आणखी एक तारीख महत्त्वाची. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास तिथे पाश्चात्त्य अभिजात संगीताचा मोठा महोत्सव भरतो. संगीतसंचालक सेइजी ओझावा यांनी १९९२ मध्ये तो सुरू केला. २०१५ पासून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २०२४ मध्ये ओझावा यांचे निधन झाले, महोत्सव चालू आहे. त्या दिवसांत खोल्या लवकर संपतात.

हवामानाच्या दृष्टीने एप्रिलचा मध्य (चेरीचा बहर टोकियोपेक्षा इथे उशिरा येतो), मेचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हे महिने उत्तम. हिवाळ्यात, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीत, रात्रीचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. दर मात्र याच काळात सर्वांत उतरतात, आकाश बहुधा निरभ्र असते आणि काळ्या मनोऱ्यामागे बर्फाच्छादित आल्प्स दिसतात. थंडीचे कपडे ज्यांच्यापाशी आहेत, त्यांनी हा पर्याय हसण्यावारी नेऊ नये.

पोहोचावे कसे

मात्सुमोटोला बुलेट ट्रेन जात नाही. टोकियोच्या शिंजुकू स्थानकावरून ‘आझुसा’ ही जलद गाडी सुमारे अडीच ते पावणेतीन तासांत तिथे पोहोचते. भाडे साधारण साडेसहा हजार येन. गाडीतील सर्व आसने आरक्षित असतात. आरक्षण रेल्वेच्या संकेतस्थळावरून आगाऊ केल्यास काही गाड्यांवर सवलत मिळते. शिंजुकूहूनच सुटणारी महामार्गावरची बस सव्वातीन तासांच्या आसपास घेते आणि बरीच स्वस्त पडते. वाहतुकीच्या कोंडीत ती अडकू शकते, एवढाच तिचा दोष.

शंभर येनला गेल्या काही वर्षांत साधारण ५५ ते ६० रुपये पडत आले आहेत. पुढील सर्व आकडे त्याच मापाने वाचावेत.

परतीसाठी पुन्हा टोकियोकडे येण्याची गरज नाही, आणि हाच या गावाचा प्रवासातला खरा फायदा आहे. मात्सुमोटोहून ‘शिनानो’ ही गाडी सुमारे दोन तासांत नागोयाला जाते. तिथून बुलेट ट्रेनने क्योटो जेमतेम पाऊण तासाच्या आत. म्हणजे टोकियोहून क्योटोला जाताना मध्ये दोन रात्री मात्सुमोटो, अशी सरळ रेषा आखता येते. सात दिवसांचा जपान रेल पास काढला की सगळे स्वस्तात होते, हा जुना सल्ला मात्र आता विसरावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये या पासची किंमत २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेली. टोकियो–मात्सुमोटो–क्योटो एवढ्याच प्रवासासाठी तो घेणे म्हणजे तोट्याचा सौदा. सुटी तिकिटेच परवडतात.

खोलीचे गणित

मात्सुमोटो स्थानकाला दोन बाजू आहेत. पूर्वेकडील दाराला ‘ओशिरो-गुची’ म्हणजे किल्ल्याचे दार म्हणतात, पश्चिमेकडील ‘आल्प्स-गुची’. किल्ला पूर्वेला, स्थानकापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर. बेताच्या दरातील बहुतेक हॉटेले या पूर्वेकडच्या दाराभोवतीच एकवटली आहेत. तोयोको इन, सुपर हॉटेल, डॉर्मी इन यांसारख्या देशभर पसरलेल्या साखळ्यांची हॉटेले येथे आहेत. जपानमध्ये त्यांना ‘बिझनेस हॉटेल’ म्हणतात. नावावरून वाटते तसा थाट तिथे नसतो. फिरतीवरच्या नोकरदारांसाठी बांधलेली ही स्वच्छ, चोख आणि अतिशय लहान खोल्यांची हॉटेले होत.

लहान म्हणजे किती, हे आधी समजून घेणे हिताचे. एकट्याची खोली अकरा-बारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १२० ते १३० चौरस फूट. त्यातच पलंग, टेबल आणि एकसंध साच्यातून काढल्यासारखे न्हाणीघर. मोठ्या दोन बॅगा एकाच वेळी उघडायला जागा नसते. आपल्याकडील जोडप्यांची फसगत होते ती ‘सेमी-डबल’ या शब्दावर. यादीत ही खोली दोघांसाठी म्हणून दिसते आणि दर मोहक असतो. प्रत्यक्षात पलंगाची रुंदी बहुधा १२० सेंटिमीटर, म्हणजे चार फूट. वीस-पंचवीस वर्षांच्या दोघांना एक रात्र चालेल. पन्नाशीच्या जोडप्याने दोन-तीन हजार येन अधिक मोजून ‘ट्विन’ म्हणजे दोन पलंगांची खोली घ्यावी. दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या पायऱ्या चढायच्या असतात.

दुसरी अडचण माणशी दराची. भारतात खोलीचे भाडे खोलीवर असते; जपानमध्ये ते अनेकदा माणसागणिक असते. संकेतस्थळावर एक प्रवासी असे नोंदवून खोली घेतली आणि दोघे जाऊन उभे राहिले, तर दुसऱ्याचे पैसे भरावे लागतात, आणि एकट्यासाठीची खोली असेल तर दुसऱ्याला प्रवेशही नाकारला जाऊ शकतो. ‘आत गेल्यावर पाहू’ हा आपला नेहमीचा हिशेब तिथे चालत नाही. लहान मुलांच्या बाबतीत नियम बरे आहेत. प्राथमिक शाळेच्या वयापर्यंतचे मूल आईवडिलांच्या पलंगावर झोपणार असेल, तर बरीच हॉटेले त्याचे पैसे घेत नाहीत. पण प्रत्येक साखळीची वयोमर्यादा निराळी, त्यामुळे आरक्षणाआधी ती वाचून घ्यावी आणि मुलाची नोंद करावीच.

दराचा अंदाज द्यायचा तर आठवड्याच्या मध्ये एकट्याची खोली सहा ते नऊ हजार येन आणि ट्विन खोली दहा ते पंधरा हजार येन धरून चालावे. काही साखळ्यांत सकाळची न्याहारी दरातच असते, काहींत माणशी वेगळे पैसे पडतात. न्याहारीसह दर आणि न्याहारीविना दर यांची तुलना केल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवू नये. बहुतेक हॉटेलांत नाण्यांवर चालणारी कपडे धुण्याची यंत्रे असतात. दोन रात्रींच्या मुक्कामात आठवड्याचे कपडे धुऊन निघतात, आणि लांबच्या प्रवासात ही सोय न्याहारीइतकीच मोलाची ठरते. जपानमधील अनेक शहरांत आणि प्रांतांत मुक्काम-कर निराळा घेतला जातो, तर गरम पाण्याच्या झऱ्यावरील स्नानगृह असलेल्या ठिकाणी माणशी साधारण १५० येनांचा स्नान-कर असतो. हे दोन्ही कर संकेतस्थळावरील दरात दिसतीलच असे नाही.

स्थानकाजवळ राहायचे नसेल तर दोन पर्याय उरतात. पहिला नाकामाची आणि नावाते या जुन्या पेठांचा. १८८८ च्या मोठ्या आगीनंतर नाकामाचीच्या व्यापाऱ्यांनी जाड मातीच्या भिंतींची, काळ्या-पांढऱ्या चौकटींची गोदामवजा घरे बांधली; त्यांतील काहींमध्ये आज दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. या परिसरात जुन्या पद्धतीच्या लहान खानावळवजा र्योकान आणि सामायिक खोल्यांची गेस्ट हाउस सापडतात. जमिनीवर तातामी चटई, तीवर अंथरूण, स्नानगृह सामायिक. र्योकानचा दर पाहताना ‘सुदोमारी’ म्हणजे जेवणाविना मुक्काम आणि ‘इप्पाकु निशोकु’ म्हणजे एक रात्र व दोन जेवणे, हे दोन शब्द ओळखता आले पाहिजेत. शाकाहारी प्रवाशांनी डोळे मिटून पहिला घ्यावा. दुसऱ्यात दर दुप्पट होतो आणि ताटातले निम्मे पदार्थ माशांचे असतात.

दुसरा पर्याय शहराच्या ईशान्येकडील आसामा ओन्सेनचा. गरम पाण्याच्या झऱ्यांचे हे जुने ठिकाण स्थानकापासून बसने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. निवांतपणा भरपूर. परंतु सायंकाळी बस लवकर बंद होतात, आणि टॅक्सीचे भाडे एकदा जरी भरावे लागले तरी स्वस्ताईचा हेतू हरपतो. दोनपैकी एक रात्र तिथे काढणे हे सामान हलवण्याच्या दृष्टीने त्रासाचे. झऱ्याच्या पाण्याचे स्नान एवढेच हवे असेल, तर तशी सोय असलेले स्थानकाजवळचे हॉटेल पुरे आहे. अशा सामायिक स्नानगृहात अंगावर एकही वस्त्र न ठेवता, आधी बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करून मगच कुंडात उतरायचे असते. स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी असते.

आरक्षण, व्हिसा आणि वेळा

भारतीय प्रवाशाच्या दृष्टीने हॉटेलचे आरक्षण ही नुसती सोयीची बाब नाही. जपानच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जासोबत दिवसागणिक कार्यक्रम द्यावा लागतो आणि त्यात प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचे ठिकाण लिहावे लागते. मुंबई-पुण्याकडील अर्ज व्हीएफएसच्या केंद्रामार्फत स्वीकारले जातात. व्हिसा हाती पडण्याआधी खोल्या ठरवाव्या लागत असल्याने, रद्द केल्यास पैसे परत मिळतील असाच दर निवडावा. परतावा नसलेला दर पाचशे-हजार येनांनी कमी असतो आणि मोह होतो. पण व्हिसा लांबला किंवा विमानाची तारीख बदलली तर सारी रक्कम बुडते. व्हिसा मिळाल्यावर त्याच हॉटेलचा दर पुन्हा एकदा पाहावा. तो उतरला असेल तर नवे आरक्षण करून जुने रद्द करता येते. मध्यस्थ संकेतस्थळ आणि हॉटेलचे स्वतःचे संकेतस्थळ यांच्या दरातही फरक असतो. साखळ्यांच्या सभासदांना थोडी सूट मिळते.

खोली ताब्यात मिळण्याची वेळ बहुधा दुपारी तीन, सोडण्याची सकाळी दहा किंवा अकरा. दहा म्हणजे दहाच. मात्र सामान सकाळपासून विनामूल्य ठेवून घेतले जाते, त्यामुळे दुपारी बाराला पोहोचलेल्याने स्थानकावरील लॉकरमध्ये पैसे घालवू नयेत. आरक्षणात पोहोचण्याची वेळ विचारलेली असते; ती लिहावी आणि फार उशीर होणार असल्यास कळवावे, कारण न कळवता न आलेला प्रवासी म्हणून खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते. परदेशी पाहुण्यांचा पासपोर्ट पाहून त्याची छायाप्रत घेतली जाते. तो तिथला नियमच आहे. धूम्रपानाच्या खोल्या आजही काही हॉटेलांत असतात आणि त्या थोड्या स्वस्त दिसतात. त्यांतला वास रात्रभर जात नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

पुढे क्योटोला जाताना मोठ्या बॅगा सोबत वागवण्याऐवजी हॉटेलच्या स्वागतकक्षातून ‘ताक्युबिन’ या घरपोच सेवेने पाठवता येतात. एका बॅगेला साधारण दोन-अडीच हजार येन पडतात आणि ती बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते. वृद्ध मंडळी सोबत असतील तर हा खर्च चैनीचा नव्हे.

दोन दिवस कसे घालवावेत

किल्ला सकाळी साडेआठला उघडतो आणि पाचला बंद होतो. शेवटचा प्रवेश साडेचारला. डिसेंबरच्या २९ ते ३१ तारखांना तो बंद असतो. एप्रिल २०२५ पासून प्रौढांचे शुल्क वाढून कागदी तिकिटाला १,३०० येन आणि वेळ ठरवून घेतलेल्या इलेक्ट्रॉनिक तिकिटाला १,२०० येन झाले. गावात मुक्काम करणाऱ्याला साडेआठलाच दारात उभे राहता येते. टोकियोहून येणाऱ्यांचे लोंढे साडेदहानंतर थडकतात, आणि आतल्या अरुंद जिन्यांवर त्यानंतर एकेक पायरी खोळंबून चढावी लागते.

मनोरा बाहेरून पाच मजली दिसतो, आत मजले सहा आहेत. तिसरा मजला बाहेरून कळू नये अशा बेताने छपराखाली दडवलेला. उंची सुमारे तीस मीटर. इशिकावा काझुमासा आणि त्याचा मुलगा यासुनागा यांच्या काळात, १५९३-९४ च्या सुमारास, तो उभा राहिला. काझुमासा हा आधी तोकुगावा इएयासूचा विश्वासू सरदार; १५८५ मध्ये तो तोयोतोमी हिदेयोशीच्या पक्षात गेला आणि पुढे त्याला मात्सुमोटो मिळाले. बंदुकांच्या काळातली ही वास्तू, म्हणून भिंतींत गोळ्या आणि बाणांसाठी वेगवेगळ्या आकारांच्या जंग्या आहेत. गंमत अशी, की मनोऱ्याला लागूनच १६३० च्या दशकात, युद्धे थांबल्यावर, चंद्रदर्शनासाठी तीन बाजूंनी मोकळा असा एक सज्जा जोडलेला आहे. लढाईचा मनोरा आणि चांदण्याचा सज्जा एकाच भिंतीला टेकून उभे आहेत.

जोडे दारात काढून पिशवीतून सोबत न्यावे लागतात. जिने अतिशय उभे. सर्वांत अवघड जिन्याचा कोन ६१ अंशांचा आहे आणि पायऱ्या फूट-सव्वाफूट उंच. गुडघेदुखी असलेल्यांनी आणि कडेवर मूल असलेल्यांनी वर जाण्याचा हट्ट धरू नये. उद्वाहन नाही, बसवणे शक्यही नाही. अशांना खंदकाभोवतीचे मोकळे उद्यान आहेच, त्याला पैसे पडत नाहीत, आणि मनोऱ्याचे सर्वांत सुंदर रूप पाण्यातील प्रतिबिंबासह दिसते ते तिथूनच. काळ्या फळ्यांवरचा लाखेचा लेप दर वर्षी नव्याने दिला जातो. सायंकाळनंतर किल्ल्यावर प्रकाशझोत सोडतात. दिवसभरात परतणाऱ्यांना हे दृश्य कधीच दिसत नाही.

दुपार जुन्या पेठांत जावी. मेतोबा नदीच्या काठची नावाते गल्ली लहान दुकानांची आहे आणि तिने बेडकाला आपले चिन्ह केले आहे. गावात ठिकठिकाणी झऱ्यांचे पाणी वाहते. गेंची नावाच्या विहिरीवर गावकरी आजही बाटल्या भरून नेतात. ते पाणी पिण्याजोगे असते, तेव्हा बाटलीबंद पाणी विकत घेण्याचे कारण नाही. १८७६ मध्ये जपानी सुतारांनी पाश्चात्त्य धाटणीने बांधलेली काइची शाळा किल्ल्यापासून चालत जाण्याजोगी आहे. २०१९ मध्ये तिलाही राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. ठिपक्यांच्या चित्रांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या यायोई कुसामा याच गावच्या, जन्म १९२९ चा. शहराच्या कलासंग्रहालयाबाहेर त्यांची प्रचंड फुलांची शिल्पे उभी आहेत आणि ती तिकिटाविना पाहता येतात.

दुसरा दिवस मोकळा असेल आणि महिना एप्रिलचा मध्य ते १५ नोव्हेंबर यांमधला असेल, तर कामिकोची गाठावे. सुमारे दीड हजार मीटर उंचीवरच्या या खोऱ्यात खासगी मोटारींना बंदी आहे. मात्सुमोटोहून लहान रेल्वेने अर्ध्या तासात शिन-शिमाशिमा आणि तिथून बसने तासाभराहून थोडे अधिक. टोकियोची गाडी ज्या नदीच्या नावाने धावते, ती आझुसा इथे पायाशी वाहताना दिसते. जाण्यायेण्याचे काही हजार येन पडतात. मुक्कामाच्या खर्चात ते स्वतंत्र धरावेत.

जेवणाचा प्रश्न

मराठी प्रवाशांची खरी कसोटी इथे लागते. शिन्शू भागाचा सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, प्रसिद्ध आहे आणि हजार-बाराशे येनांत पोट भरते. शेवया शाकाहारी असतात. पण ज्यात बुडवून त्या खायच्या, तो रस्सा बहुधा सुकवलेल्या माशाच्या अर्कावर केलेला असतो. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, ‘मासा आणि माशाचा रस्साही नको’ असे लिहिलेला जपानी मजकूर जवळ ठेवावा. मांसाहारींसाठी सांझोकु-याकी हे लसणाच्या मसाल्यातले तळलेले कोंबडीचे मोठे तुकडे इथली खासियत. कच्चे घोड्याचे मांसही या भागात आवडीने खातात. यादीत ‘बासाशी’ हा शब्द दिसला की ते समजावे.

ओयाकी नावाचे पुरणाच्या कणकेसारखे गोळे मात्र बहुतेकांना आवडतील. आत भोपळा, पालेभाजी किंवा गोड लाल चवळीचे सारण असते. आतले सारण विचारून घ्यावे, कारण काहींत मांसही असते. रात्रीच्या वेळी सुपरमार्केटातील तयार अन्नावर सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात आणि स्थानिक लोकही त्याच वेळी खरेदी करतात. हॉटेलच्या खोलीत पाणी उकळण्याची किटली आणि लहान शीतकपाट बहुधा असते. घरून नेलेली उपमा-पोह्यांची पाकिटे तिथे कामी येतात. खोलीत शेगडी पेटवणे सर्वत्र निषिद्ध आहे. मांस असलेले कोणतेही पदार्थ जपानमध्ये नेण्यास बंदी आहे, त्यामुळे सुकटाची पूड चालेल का, असल्या फंदात पडण्याऐवजी शाकाहारी पाकिटेच बॅगेत भरावीत.

एकूण हिशेब असा. दोघांनी आठवड्याच्या मध्ये दोन रात्री ट्विन खोली घेतली तर सुमारे २४,००० येन. टोकियोहून जाण्यायेण्याचे रेल्वेभाडे सुमारे २६,४००. किल्ल्याची कागदी तिकिटे २,६००. जेवणखाण माणशी रोज तीन हजारांप्रमाणे दोन दिवसांचे १२,०००. बेरीज ६५,००० येन, म्हणजे ३६ ते ३९ हजार रुपये. बसने प्रवास केला आणि गेस्ट हाउसमध्ये राहिले तर यातून बराच पैसा कमी होतो. शनिवारी गेल्यास खोलीचाच आकडा पाच-दहा हजारांनी वर जाऊ शकतो. मात्सुमोटोत कार्ड बहुतेक हॉटेलांत चालते; जुन्या पेठांतील लहान दुकाने आणि गेस्ट हाउससाठी दहा-पंधरा हजार येन रोख जवळ असू द्यावेत.